मांडी आवळा म्हटलं तरी आवळत नाही: एसीएलच्या ऑपरेशननंतर ईएमजी बायोफीडबॅक, पायरीपायरीने

ऑपरेशनला पाच दिवस झाले होते. कबड्डी खेळणारी एकोणीस वर्षांची मुलगी, चढाईला गेलेली असताना गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडून ठेवणारा दोरीसारखा बंध, तुटलं. पाय लांब करून ती बेडवर बसली होती. मी म्हटलं, "मांडी आवळ." तिने दात आवळले, पायाची बोटं ताणली, कंबर उचलली, श्वास रोखून धरला. चेहरा लाल झाला. आणि माझा हात तिच्या मांडीवर होता तिथे काहीच हललं नाही. मळून ठेवलेल्या कणकेवर हात ठेवावा तसं वाटत होतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मग ती रडायलाच लागली. "मॅडम, मॅटवर मी चार-चार जणींना ओढून आणते, आणि एवढं साधं होत नाहीये?"

एसीएलनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता रुग्ण घाबरायच्या आतच त्याला सांगून टाकते: तुमची मांडी अशक्त झालेली नाही, तिला सध्या आतून अडवून ठेवलंय. ही अडवणूक सोडवायला जी साधनं आहेत त्यांत ईएमजी बायोफीडबॅक, म्हणजे स्नायूतली वीज पडद्यावर दाखवून तो आवळायला शिकवण्याची पद्धत, मला फार मोलाची वाटते. पण ती नीट वापरली तरच. चुकीच्या जागी चिकटवलेला पॅड आणि चुकीचा ठरवलेला आकडा रुग्णाला चुकीचीच हालचाल पक्की शिकवतो. म्हणून हा लेख. तो तुमच्या फिजिओऐवजी वापरायचा नाही, त्यांच्यासोबत बसून वापरायचा आहे.

मांडी का लागत नाही

नवीन एसीएल बसवताना सर्जन तुमच्याच शरीरातलं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, घेतात; यालाच ग्राफ्ट म्हणतात. बहुतेकदा मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगची दोन टेंडनं, कधी वाटीच्या खालच्या टेंडनचा मधला पट्टा, कधी वाटीच्या वरचं, मांडीच्या पुढच्या स्नायूचं म्हणजे क्वाड्रिसेप्सचं टेंडन. हॅमस्ट्रिंगचं ग्राफ्ट घेतलं असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूला कुणी हातही लावलेला नसतो. तरीही बंद पडतो तो पुढचाच.

याचं कारण गुडघ्याच्या आतली सूज. सांध्यात पाणी साचलं की सांध्याच्या आवरणातले संवेदक मज्जारज्जूकडे सतत निरोप पाठवत राहतात, आणि मज्जारज्जू क्वाड्रिसेप्सकडे जाणारा हुकूमच दाबून टाकतो. घरातला एमसीबी पडल्यावर कसं होतं? वायरिंग शाबूत, पंखा शाबूत, बटणही चालू, पण पंखा फिरत नाही. तसंच. निरोगी गुडघ्यात मुद्दाम सलाइन भरून हे तपासलेलं आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात अवघ्या २० ते ३० मिलिलिटर पाण्याने, म्हणजे जेमतेम दोन मोठ्या चमच्यांनी, वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावला. मांडीचे मधले आणि बाहेरचे भाग मंदावायला ५० ते ६० मिलिलिटर लागलं. वाटीच्या आतल्या अंगाला असलेला तो थेंबाच्या आकाराचा उंचवटा, ज्याला आम्ही व्हीएमओ म्हणतो, सगळ्यात आधी का झोपतो ते यावरून कळतं. ऑपरेशननंतर तर २० मिलिलिटरहून कितीतरी जास्त सूज असते.

पहिल्या एक-दोन दिवसांत भूल देताना दिलेल्या नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे पायाची नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचाही परिणाम असू शकतो. तो उतरेपर्यंत मांडीची परीक्षा घेऊ नका.

हे मशीन नेमकं करतं काय

स्नायू आकुंचन पावताना त्यात अगदी बारीक वीज तयार होते. कातडीवर चिकटवलेले पॅड ती वीज टिपतात, आणि मशीन ती मायक्रोव्होल्टमध्ये, पडद्यावरच्या रेघेने किंवा 'टीऽऽ' अशा आवाजाने दाखवतं. तुम्ही मांडी आवळली की रेघ वर, सोडली की खाली. हाताला काहीच लागत नाही अशा मांडीतही थोडी वीज उठत असते. रुग्णाला ती डोळ्यांनी दिसते, आणि तिथूनच पुढचं सगळं सुरू होतं.

माझ्या त्या खेळाडूच्या आईने विचारलं होतं, "मॅडम, करंट देणार का? टाक्यांना काही होणार नाही ना?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. उत्तर असं: ईएमजी मशीन करंट देत नाही, फक्त ऐकतं. करंट देणारं मशीन वेगळं, त्याला स्टिम्युलेटर म्हणतात. काही यंत्रांत दोन्ही सोयी असतात, तेव्हा कोणती चालू आहे ते आधी विचारून घ्या.

माणसाला आपल्या स्नायूची वीज दिसली-ऐकू आली की तो ती किती बारकाईने ताब्यात आणू शकतो, हे कॅनडातल्या जॉन बास्माजियन यांनी १९६३ साली दाखवलं. त्यांच्या प्रयोगातले लोक एकेक मोटर युनिट (एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू) स्वतःच्या इच्छेने चालू-बंद करायला शिकले. एसीएलच्या रुग्णांवर ड्रेपर यांनी १९९० साली बायोफीडबॅकसह आणि त्याविना व्यायाम अशी तुलना केली, आणि पुढच्या वर्षी बायोफीडबॅकची तुलना करंटच्या उपचाराशी केली. दोन्ही वेळा क्वाड्रिसेप्सची ताकद बायोफीडबॅकच्या गटात जास्त भरून आली. हे गट लहान होते, त्यामुळे मी यावरून मोठे दावे करत नाही. पण पहिल्या सहा आठवड्यांत याचा उपयोग होतो, असं माझा रोजचा अनुभवही सांगतो.

सुरुवात करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या

ग्राफ्ट कुठून घेतलं? मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवला आहे का? वजन किती टाकायला परवानगी आहे? ब्रेस कधी काढायचा? सर्जनच्या डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेलं असतं, त्याचा फोटो फिजिओला दाखवा. हॅमस्ट्रिंगचं ग्राफ्ट असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूवर सुरुवातीचे चार ते सहा आठवडे जोर टाकायचा नसतो. मेनिस्कस शिवला असेल तर खोल वाकणं आणि वजन टाकणं यांवर वेगळी बंधनं येतात. क्वाड्रिसेप्सचं टेंडन घेतलं असेल तर वाटीच्या वर जखम असते, मग पॅडची जागा फिजिओच ठरवतील.

पट्टी लहान झाली, जखम कोरडी आहे आणि सर्जनने मांडी आवळायला सांगितलं आहे, की सुरू करायला हरकत नाही. बहुतेकांचं हे पहिल्या आठवड्यातच होतं. जितकं लवकर, तितकं चांगलं.

पायरी १: सूज आणि कातडी

व्यायामाच्या आधी २० मिनिटं गुडघ्याला बर्फ लावा, मधे पातळ पंचा ठेवून. लोक बर्फ व्यायाम झाल्यावर लावतात, तेही ठीक, पण आधी लावल्याने ती आतली अडवणूक थोडा वेळ सैल होते आणि त्या वेळात मांडी जास्त लागते. बर्फ काढल्यावर कातडी पूर्ण कोरडी करा. ओल्या कातडीवर पॅड सरकतात.

पॅडच्या जागचे केस काढा. ब्लेडने ओरखडे उठत असतील तर ट्रिमर बरा. मग स्पिरिटच्या बोळ्याने जागा थोडी लाल होईपर्यंत पुसा आणि वाळू द्या. तेल, बाम किंवा मॉइश्चरायझर लावलेलं असेल तर आधी साबणाने धुवा. आपल्याकडे ऑपरेशन झालं की घरातलं कुणीतरी प्रेमाने तेल लावून ठेवतंच. अशा मांडीवर मशीन काहीच्या बाही आकडे दाखवतं, आणि मग दोष मशीनला दिला जातो.

पायरी २: पॅड कुठे लावायचे

तीन पॅड लागतात. दोन स्नायूवर, एक संदर्भासाठी.

पाय सरळ ठेवा आणि आधी चांगल्या पायाची मांडी आवळा. वाटीच्या वरच्या आतल्या कोपऱ्याजवळ स्नायूचा फुगवटा उठेल. त्या कोपऱ्यापासून साधारण ४ सेंटीमीटर वर आणि किंचित आत, फुगवट्याच्या मधोमध पहिला पॅड. दुसरा त्याच्या शेजारी, दोघांच्या मध्यबिंदूंमध्ये २ सेंटीमीटर अंतर. ईएमजीचे पॅड कसे लावायचे ते सुचवणाऱ्या युरोपातल्या सेनियाम प्रकल्पाने दिलेलं अंतरही हेच आहे. पॅडची जोडी स्नायूच्या तंतूंच्या दिशेने ठेवायची. व्हीएमओचे तंतू तिरपे असतात, वाटीकडून वर-आत जाणारे, त्यामुळे जोडीही तिरपीच येते. मांडीच्या उभ्या रेषेत लावली तर आकडा विनाकारण कमी येतो.

तिसरा, संदर्भाचा पॅड हाडावर लावा. नडगीच्या पुढच्या भागावर, पण टाक्यांपासून लांब. हॅमस्ट्रिंग ग्राफ्टची जखम नडगीच्या वरच्या आतल्या बाजूला असते, तेव्हा दुसऱ्या पायाची वाटी वापरली तरी चालतं.

मशीनला दोन चॅनेल असतील तर दुसरं मांडीच्या मागे लावा. बसतो त्या हाडापासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्यावर. हे दुसरं चॅनेल का लागतं ते पायरी ५ मध्ये येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण हेच विसरतात: बॉलपेनने पॅडच्या कडेने गोल काढून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. उद्या पॅड एका बोटाने सरकला तरी आकडा बदलतो, आणि तुम्हाला वाटेल प्रगती झाली किंवा मांडी बिघडली.

पायरी ३: शांत आकडा

पाय सैल सोडा, पाठ टेकवा, एक मिनिट काही करू नका. आकडा साधारण ५ मायक्रोव्होल्टच्या आत असायला हवा. जास्त असेल तर तीन शक्यता आहेत. तुम्ही नकळत मांडी ताणून धरली आहे, पॅड नीट चिकटलेले नाहीत, किंवा आसपासच्या विजेचा गोंधळ येतो आहे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, ती वायरीतून मशीनमध्ये शिरते. चार्जिंगला लावलेला मोबाइल, इलेक्ट्रिक ब्लँकेट, बेडच्या मागचा एक्स्टेंशन बोर्ड यांपासून लांब बसा. मशीनही चार्जरला लावून वापरू नका.

पायरी ४: चांगला पाय आधी

ऑपरेशन न झालेल्या पायावर पॅड त्याच जागी लावा आणि मांडी पूर्ण ताकदीने पाच सेकंद आवळा. तीन वेळा करा, मधे अर्धा मिनिट विश्रांती. तिन्हींची सरासरी लिहून ठेवा. तुमचं पोहोचायचं ठिकाण ही संख्या आहे. दुसऱ्या रुग्णाचा आकडा नव्हे. कातडीखाली चरबी किती, पॅड कोणते, मशीन सिग्नल कसा गाळतं, यावर आकडे बदलतात. दोन रुग्णांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "माझे २०० येतात, तुझे?" असं विचारून बिचारे निराश होतात. तसं करू नका.

माझ्या कबड्डीपटूचे त्या दिवशीचे आकडे: चांगला पाय १६०, ऑपरेशनचा पाय १८. पण १८ होते. शून्य नव्हते. तिला रेघ हललेली दिसली आणि ती एकदम ताठ बसली.

पायरी ५: मांडी जागी करणं

बसण्याची पद्धत नीट लावून घ्या. बेडवर पाय लांब, पाठीला उशी, टाचेखाली हातरुमालाची छोटी घडी. गुडघ्याखाली जाड उशी ठेवून तासन्‌तास झोपू नका. गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढचे महिने त्यातच जातात.

आता उंबरठा ठरवा. उंबरठा म्हणजे तो आकडा, जो ओलांडल्यावर मशीन आवाज करतं. मी तो असा ठेवते की दहापैकी सात वेळा जमेल. १८ येत असतील तर पहिला उंबरठा १४-१५. लोक उत्साहाने ५० ठेवतात, एकदाही आवाज होत नाही आणि दुसऱ्या दिवशी मशीन कपाटात जातं. सलग दोन बैठकांत दहापैकी नऊ वेळा जमायला लागलं की उंबरठा थोडा वर घ्या.

सहा सेकंद आवळा, बारा सेकंद पूर्ण सोडा. असं दहा वेळा. दोन मिनिटं थांबून आणखी दहा. दिवसातून तीन बैठका, त्यांतली निदान एक मशीनसह. 'पूर्ण सोडा' हे मी मुद्दाम लिहिते. रेघ खाली शांत आकड्यापर्यंत यायलाच हवी. अर्धवट ताणलेल्या मांडीवर पुन्हा जोर दिला तर स्नायू नुसता दमतो.

आवळायचं म्हणजे काय करायचं, हे शब्दांत सांगणं अवघड. मी तीन-चार प्रकारे सांगून बघते आणि रेघ कशाने वर जाते ते पाहते. "वाटी मांडीकडे ओढून घे." "गुडघ्याच्या मागचा भाग बेडला चिकटव." "टाच समोरच्या भिंतीकडे लांब कर." "आधी चांगल्या पायाची आवळ, मग लगेच ही." प्रत्येकाचं कुलूप वेगळ्या किल्लीने उघडतं. त्या मुलीचं भिंतीवाल्या वाक्याने उघडलं. आठव्या प्रयत्नात आकडा १८ वरून ३१ झाला आणि माझ्या बोटांखाली पहिल्यांदा काहीतरी घट्ट झालं.

आता त्या दुसऱ्या चॅनेलविषयी. मांडी आवळताना बरेच जण मागचा स्नायू आणि ढुंगण आवळतात. गुडघा बेडवर दाबला जातो, दिसायला सगळं बरोबर, पण काम भलताच स्नायू करतोय. पुढचा आकडा २० आणि मागचा ४० असेल तर तो व्यायाम फुकट गेला. मागचा आकडा शांत ठेवून पुढचा वाढवायचा, हे त्या बैठकीचं खरं काम. ढुंगणाखाली स्वतःचा हात ठेवला तरी लबाडी लगेच कळते.

गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, तर उलटं करून पाहा. टाच घडीवर, गुडघ्याखाली पोकळी, पाय सैल. हॅमस्ट्रिंगचा आकडा बघत बघत श्वास सोडा आणि तो खाली आणा. दुखण्याच्या भीतीने मागचा स्नायू गुडघ्याला धरून ठेवत असतो, आणि आपण धरलंय हे त्या माणसाच्या गावीही नसतं. रेघ उतरताना गुडघा आपोआप एक-दोन अंशांनी खाली बसलेला मी कितीदा पाहिला आहे. पाय पूर्ण सरळ होणं ही पहिल्या पंधरवड्याची सगळ्यात मोठी कमाई आहे, वाकण्यापेक्षाही मोठी. घरचे रोज विचारतात, "किती वाकतो?" त्यांना सांगा, आधी सरळ किती होतो ते विचारा.

पायरी ६: पाय सरळ उचलणं

मांडी आवळल्यावर वाटी ठळकपणे वर सरकते आणि आकडा चांगल्या पायाच्या निदान तिसऱ्या हिश्शापर्यंत येतो, तेव्हा मी पाय उचलायला देते. हा तिसरा हिस्सा माझ्या सरावातला अंदाज आहे, कुठल्या नियमपुस्तकातला नाही.

क्रम असा: आधी आवळा, उंबरठ्याचा आवाज येऊ द्या, आवाज चालू असतानाच टाच वीतभर उचला, तीन सेकंद धरा, आवाज चालू ठेवतच खाली आणा, मग सोडा. वर जाताना आवाज तुटला तर तिथेच थांबा. त्या क्षणी गुडघा थोडा वाकलेला असतो आणि पाय कमरेच्या स्नायूने उचलला जात असतो. याला आम्ही लॅग म्हणतो. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला की स्पष्ट दिसतं. लॅग असताना ब्रेस काढून चालू नका, गुडघा ऐनवेळी दुमडतो. दहा वेळा लॅगशिवाय पाय उचलता येणं, पाय पूर्ण सरळ होणं आणि न लंगडता चालणं, या तिन्ही गोष्टी जमल्या की कुबड्या सोडण्याविषयी फिजिओशी बोला.

पायरी ७: उभं राहून

दोन ते सहा आठवड्यांच्या टप्प्यात हे काम येतं, सर्जनने वजन टाकायला सांगितलं असेल तसतसं. बेडवर छान लागणारी मांडी उभं राहिल्यावर पुन्हा गायब होऊ शकते, तेव्हा निराश होऊ नका. उंबरठा थोडा खाली आणून नव्याने सुरुवात करा.

ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून उभे राहा. दोन्ही पायांवर सारखं वजन. सारखं टाकतोय असं वाटतं आणि टाकत नसतो, म्हणून दोन वजनकाटे शेजारी ठेवून त्यांवर उभं राहून पाहा. गुडघा किंचित वाकवा आणि मांडी आवळत सरळ करा. मागे धक्का देऊन लॉक करायचा नाही. मग थोडं बसायचं, ३०-४० अंशांपर्यंत, आणि वर यायचं. दोन चॅनेल असतील तर इथे एक ऑपरेशनच्या पायावर, दुसरं चांगल्या पायावर लावा. खाली जाताना चांगल्या पायाची रेघ उंच आणि दुसरी सपाट दिसली की रुग्णाला स्वतःलाच धक्का बसतो. "मी तर दोन्हीवर जोर देत होतो!" त्याला खरंच तसं वाटत असतं.

नुसता पाय लोंबकळवून, घोट्याला वजन बांधून गुडघा पूर्ण सरळ करण्याचा व्यायाम पहिल्या महिन्यांत स्वतःच्या मनाने करू नका. शेवटच्या ४५ अंशांत नव्या ग्राफ्टवर ताण येतो. ग्राफ्ट आधी मऊ पडतं आणि मग हळूहळू पक्कं होतं. साधारण सहा ते बारा आठवड्यांचा काळ त्याच्यासाठी नाजूक असतो, आणि नेमक्या याच काळात दुखणं कमी झाल्याने माणूस धीट होतो. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, यांचीही घाई नको. विचारल्याशिवाय काहीच नको.

पायरी ८: मशीन सोडवणं

आकडा बघून मांडी आवळायची सवय लागली की आकडा नसताना ती आवळत नाही. यासाठी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासूनच मी पडदा दूर करायला लागते. आधी आवाज बंद, फक्त रेघ. मग दहापैकी पाच वेळा पडदा भिंतीकडे. मग रुग्णाने आवळायचं, स्वतः अंदाज सांगायचा आणि नंतर पडदा पाहायचा. ती मुलगी सुरुवातीला "साठ?" म्हणायची आणि असायचे पस्तीस. सातव्या आठवड्यात तिने डोळे मिटून "एकशे दहा" म्हटलं, पडद्यावर ११४ होते. त्यानंतर मी तिच्या पायावर पॅड लावले नाहीत.

म्हणूनच मशीन लगेच विकत घेऊ नका असा माझा सल्ला असतो. पाच-सहा आठवड्यांचं हे काम आहे. क्लिनिकमध्ये वापरता येत असेल तर तेवढं पुरतं. गाव लांब असेल आणि आठवड्यातून एकदाच येणं जमत असेल, तर घरी मशीन असण्याला अर्थ आहे.

आकडा वाढत नसेल तर

आधी पॅड बदला. जुने, सुकलेले पॅड हे सगळ्यात नेहमीचं कारण. मग जागा फोटोशी पडताळा. मग गुडघ्याचा घेर टेपने मोजा. घेर वाढला असेल तर आदल्या दिवशी जास्त चालणं झालं असेल, तेव्हा दोन दिवस पाय उंच ठेवा आणि बर्फ वाढवा. सूज उतरली की आकडा वर येतो. हे सगळं करूनही दहा-बारा दिवसांत काहीच हललं नाही, तर फिजिओला स्टिम्युलेटर जोडीला घ्यायला सांगा. करंट स्नायू आकुंचित करतो आणि तुम्ही त्याच क्षणी स्वतः जोर लावता. दोन्ही मिळून बऱ्याचदा काम होतं.

आणि एक समजून घ्या. आकडा विजेचा आहे, ताकदीचा नाही. व्हीएमओचा आकडा चांगल्या पायाइतका झाला म्हणजे मांडी तेवढी बळकट झाली, असं नव्हे. ती बारीक झालेली असते, आणि भरून यायला पुढचे कित्येक महिने वजनाचा व्यायाम लागतो. आकडा दाखवून खेळायची परवानगी मागायला येणाऱ्या मुलांना मी ठाम नाही म्हणते. मैदानावर परतण्यासाठी मांडीची ताकद आणि उडीच्या चाचण्या चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हव्यात, आणि ऑपरेशनला निदान नऊ महिने झालेले हवेत. ओस्लोच्या हेगे ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवावं, तितक्या दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटतं.

लगेच थांबून डॉक्टरांना फोन करायचा तो केव्हा

पोटरी दुखते, टणक आणि गरम लागते, पायाची सूज एकदम वाढते, दम लागतो किंवा छातीत दुखतं. ताप येतो, जखमेतून पाणी किंवा पू येतो. गुडघा अडकतो. पाय पडताना 'कट' आवाज होऊन गुडघा निसटल्यासारखा वाटतो. यांतलं काहीही झालं तर मशीन बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा. सहा आठवड्यांनीही पाय पूर्ण सरळ होत नसेल तर तेही सर्जनला दाखवा. कधी कधी आत गाठ तयार झालेली असते, आणि ती व्यायामाने जात नाही.

पॅडखाली कातडी लाल होऊन खाजली तर जागा एक दिवस मोकळी ठेवा आणि दुसऱ्या कंपनीचे पॅड वापरून बघा.

मशीन मिळतच नसेल तर

तालुक्याच्या गावी हे मशीन सगळीकडे नाही, याची मला जाणीव आहे. घरातल्या कुणाला तरी बेडच्या कडेला बसवा. त्यांच्या एका हाताची तीन बोटं वाटीच्या वरच्या आतल्या फुगवट्यावर, दुसरा हात मांडीच्या मागे. तुम्ही डोळे मिटून आवळा. पुढची बोटं उचलली गेली तर त्यांनी "आली" म्हणायचं, मागचा हात दाबला गेला तर "मागची" म्हणायचं. एवढे दोनच शब्द. बोटं आधी चांगल्या पायावर ठेवून घट्ट मांडी कशी लागते ते त्यांना कळू द्या, म्हणजे पहिल्या दिवशीच्या बारीकशा हालचालीलाही ते "आली" म्हणतील.